फझ फॅक्टरी घ्यावं की नाही, मे महिना ते गणपती

फझ फॅक्टरी म्हणजे गिटार आणि अँपच्या मध्ये लावायचं पेडल, पायाने दाबायची डबी, जी गिटारचा आवाज फाटका करते, त्या फाटक्या आवाजाला फझ म्हणतात. त्यावर पाच बटणं आहेत आणि व्हॉल्यूम सोडलं तर त्यातलं एकही एकटं काम करत नाही. गेट, कॉम्प, ड्राइव्ह, स्टॅब, या चौघांचं असं आहे की एकाला हात लावला की बाकीच्या तिघांचा स्वभाव बदलतो. गेट म्हणजे आपण वाजवायचं थांबलो की मागची खरखर तोडून टाकणारं, कॉम्पने सुराची सुरुवात मऊ होते नाहीतर टोचते, ड्राइव्हने घाण वाढते, आणि स्टॅब म्हणजे स्टेबिलिटी, ते आतल्या सर्किटला मिळणारं व्होल्टेज कमीजास्त करतं. स्टॅब पूर्ण उघडं असलं की पेडल त्यातल्या त्यात शहाण्यासारखं वागतं, उलटं फिरवत गेलं की आधी बॅटरी मरायला टेकल्यासारखा आवाज येतो आणि मग शिट्ट्या सुरू होतात. खरोखर शिट्ट्या, तारेला हात न लावता पेडल आपलं आपणच वाजायला लागतं, आणि वर गिटारचं व्हॉल्यूम कमी केलं की त्या शिट्टीचा सूर बदलतो.

हे पेडल माझ्या मावसभावाचं. तो ठाण्यात असतो, पूर्वी बँडमध्ये वाजवायचा, आता फ्लॅटचे हप्ते भरतो. मे महिन्यात मालवणला आला तेव्हा सोबत घेऊन आला, बारा हजार सांगितले, म्हणाला गणपतीला येईन तोवर ठेव, वाजव, पटलं तर घे. अमेरिकेत मिनिआपोलिसला झॅकरी वेक्स म्हणून माणूस आहे त्याने नव्वदच्या दशकात हे काढलं, कंपनीचं नाव झीवेक्स, हाताने रंगवलेलं महाग असतं आणि छापील डिझाइनचं वेक्सटर सिरीजचं त्यामानाने स्वस्त, माझ्याकडे आलेलं ते छापीलवालं. म्यूज बँडच्या मॅट बेलामीने तर हे सर्किट थेट गिटारच्या पोटात बसवून घेतलंय. नवीन मागवायचं म्हणजे डॉलरमधली किंमत, कुरिअर, कस्टम ड्युटी, वर आयजीएसटी, आणि पार्सल कुठे अडकलं तर फोन करत बसा, त्यामुळे घरी चालत आलेल्या पेडलचे बारा हजार जास्त वाटले नाहीत. पण बारा-पंधरा हजारात चांगला मल्टिइफेक्ट येतो, ज्यात लूपर, ड्रमचे ठेके, डिले म्हणजे प्रतिध्वनी, रिव्हर्ब म्हणजे मोठ्या हॉलसारखं घुमणं, सगळं असतं, आणि इथे तेवढ्यात एकच डबी मिळणार जी धड सरळ फझसुद्धा देईल याची खात्री नाही. मी पतसंस्थेत नोकरीला, सीझनमध्ये शनिवार-रविवार तारकर्लीला रिसॉर्टवर गिटार घेऊन बसतो आणि गणपतीत बेंजो पार्टीत वाजवतो, म्हणजे पैसा मोजूनच खर्च होतो.

आधी एक ठरवलं, डेमो बघायचे नाहीत. बघून झाले होते अर्थात, पण त्यावरून ठरवायचं नाही. या असल्या विचित्र पेडलच्या डेमोत जवळपास नेहमी पुढे एक मोठा रिव्हर्ब आणि डिले लावलेला असतो, आणि रिव्हर्ब लावला तर मिक्सरमध्ये खोबरं वाटतानाचा आवाजसुद्धा गूढ वाटेल. मी माझी सिंगल कॉइल पिकअपवाली स्ट्रॅट गिटार (पिकअप म्हणजे तारांचा आवाज पकडणारं चुंबक-कॉइल), एक केबल, पेडल, दुसरी केबल, पंधरा वॅटचा अँप, बस एवढंच घेतलं. मध्ये काही नाही. यात एक टेक्निकल कारणही आहे, फझ जातीच्या पेडलला गिटार थेट लागते, मध्ये बफर आला, म्हणजे गिटारचा सिग्नल आधी स्वतः घेऊन मग पुढे ढकलणारं सर्किट, मग ते बॉस कंपनीच्या ट्यूनरमध्ये असेल किंवा वायरलेसमध्ये असेल, तर गिटारच्या व्हॉल्यूमने शिट्टी वळवायची जी गंमत आहे ती बरीचशी मरते, कारण पिकअप आणि पेडल एकमेकांशी थेट जोडलेले राहत नाहीत. ज्या लोकांना हे पेडल आवडलं नाही त्यातल्या निम्म्यांनी ते पेडलबोर्डवर बाकीच्या पेडलांच्या मागे चौथ्या नंबरला लावलं असेल असा माझा अंदाज आहे.

पहिल्या रात्री माडीवर बसून लावलं. आईने खालून हाक मारली, "पंप चालू रवलो काय रे?" मी म्हटलं नाही, गिटार आहे. त्यावर काही उत्तर आलं नाही.

पहिले काही दिवस नुसती मजा. बटणं कशीही फिरवा, काहीतरी येतंच, कधी मधमाश्या, कधी जुन्या रेडिओचं स्टेशन लावतानाची कुईं, कधी गेट असं आवळलेलं की सूर फुटायच्या आतच तुटतो आणि वाजवलेलं वाक्य तुकड्या-तुकड्यात बाहेर पडतं. ही मजा फसवी असते हे मला आधीच्या एकदोन पेडलवरून माहीत होतं, नवीन आवाज ऐकला की आपल्याला वाटतं आपण काहीतरी नवीन वाजवलं. म्हणून मी एक कसोटी लावली. एखादा आवाज आवडला की मोबाइलवर बटणांचा फोटो काढायचा आणि दुसऱ्या दिवशी त्या फोटोवरून तोच आवाज परत आणून दाखवायचा. परत आणता आला तर तो आवाज माझा, नाही आला तर ती लॉटरी, आणि लॉटरीला मी बारा हजार देणार नाही.

आणि इथेच घोळ झाला. रात्री काढलेल्या फोटोप्रमाणे दुसऱ्या दिवशी दुपारी बटणं लावली, आवाज वेगळा. थोडाथोडका नाही, रात्री जिथे छान जाड फझ होता तिथे दुपारी गळा बसल्यासारखी फरफर, आणि शिट्टी रात्रीच्या जागेवरून भलतीकडे गेलेली. मला वाटलं बटण सरकलं असेल, परत फोटो बघून मिलिमीटरवर लावलं, तेच. संध्याकाळी वारा सुटला, खोली जरा निवली, आणि आवाज हळूहळू परत जाग्यावर यायला लागला तेव्हा डोक्यात उजेड पडला की हे जर्मेनियम आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आजकालचे ट्रान्झिस्टर सिलिकॉनचे असतात, पण साठच्या दशकात पहिले फझ निघाले ते जर्मेनियमवर. फझची सुरुवातच मुळी बिघाडातून आहे, अमेरिकेत नॅशव्हिलच्या एका स्टुडिओत रेकॉर्डिंगच्या मिक्सरचा एक चॅनेल बिघडला आणि त्यातून बेस गिटारचा फाटका आवाज रेकॉर्ड झाला, लोकांना तो आवडला, आणि १९६२ मध्ये माएस्ट्रो कंपनीने तो आवाज काढणारी डबी बाजारात आणली. १९६६ चं फझ फेस नावाचं पेडलही सुरुवातीला जर्मेनियमवरच. जर्मेनियमचा दोष असा की त्यातून थोडा करंट कायम गळत असतो, आणि ढोबळ हिशेबाने तापमान दहा डिग्रीने वाढलं की गळती दुप्पट होते. सिलिकॉनमध्येही वाढते, पण मुळात ती इतकी कमी असते की कोणाला कळत नाही. आता मालवणात मे महिन्यात दुपारी तेहतीस-चौतीस आणि रात्री सव्वीस-सत्तावीस, माझी माडी पत्र्याखाली म्हणजे आणखी वर, तर तेवढ्या फरकात गळती सहज दीडपट-पावणेदोनपट होणार. फझ फॅक्टरीत दोन जर्मेनियम आणि एक सिलिकॉन असा मामला आहे, आणि मुळात त्याचं सगळं नाटक चालतं ते सर्किट तोल जायच्या काठावर ठेवून, मग दुपारच्या उन्हाने एक धक्का दिला की काठावरचं माणूस जातं पलीकडे. मिनिआपोलिसला बर्फात बसून बनवणाऱ्याला आमचा मे महिना कुठून सुचणार.

म्हणजे माझ्या कसोटीत पेडल नापास. मी मावसभावाला मेसेज टाकणारच होतो.

टाकला नाही याचं कारण आळस, आणि दुसरं म्हणजे लाइटचं प्रकरण. वळवाच्या पावसात लाइट गेली, इन्व्हर्टर चालू झाला, आणि मी अडॅप्टरवर वाजवत होतो तर अँपमधून जी भणभण सुरू झाली ती विचारू नका. घरचा साधा इन्व्हर्टर सरळ साइन वेव्ह देत नाही, चौकोनी दातेरी काहीतरी देतो, त्याने सिंगल कॉइल पिकअप आधीच गुणगुणतात आणि फझ ते गुणगुणणं शंभरपट मोठं करून दाखवतो. तेव्हा अडॅप्टर काढून नाक्यावरच्या दुकानातली साधी नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी लावली, सगळ्यात स्वस्त, कार्बन झिंकवाली. आणि पेडल एकदम माणसात आलं. भणभण बरीच कमी झाली ती एक, पण स्वस्त बॅटरीचा आतला रेझिस्टन्स जास्त असतो आणि जुन्या फझवाल्यांना तीच बॅटरी आवडते असं वाचलं होतं, अमेरिकन गिटारवादक एरिक जॉन्सनबद्दल तर अशी ख्याती आहे की त्याला बॅटरीच्या ब्रँडने फरक कळतो. मला इतकं काही कळत नाही पण अडॅप्टरपेक्षा बॅटरी बरी हे मान्य. करंट हे पेडल फारच कमी खातं, त्यामुळे बॅटरी पुष्कळ चालते, फक्त वाजवून झाल्यावर इनपुटची केबल उपटून ठेवायची, ती आत राहिली तर पेडल बंद दिसलं तरी बॅटरी उतरत राहते.

रिसॉर्टचं एका वाक्यात सांगतो, तिथे याचा काडीचा उपयोग नाही. माणसं सुरमई थाळी खाऊन वाळूत पाय पसरून बसलेली असतात आणि त्यांना जुनी हिंदी गाणी हवी असतात.

जूनमध्ये पाऊस लागला आणि पेडलचं स्टॅब बटण फिरवताना खर्र खर्र करायला लागलं. खारी हवा, दमट, आमच्याकडे गिटारच्या तारा महिन्याभरात गंजतात, जॅक हिरवे पडतात, हे काही नवीन नाही. बाजारात एक रेडिओ रिपेअरवाले काका आहेत, आता मिक्सर आणि टीव्हीचे रिमोट जास्त करतात, बेंजो पार्ट्यांचे अँपही तेच बघतात, त्यांच्याकडे कॉन्टॅक्ट क्लीनर मारून घ्यायला गेलो. त्यांनी मागचे चार स्क्रू काढले, चष्मा वर केला, आत बघितलं आणि हसायला लागले. "अरे ह्यो तर एसी १२८! रेडिओतलो! असले डबोभर पडलेले आसत माझ्याकडे." आणि खरंच काउंटरखालून एक बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला, त्यात जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओंतून काढलेले छोटे छोटे धातूच्या टोपीचे ट्रान्झिस्टर, तीन-तीन तारांचे पाय वाकडे झालेले, कुणाकुणावर अजून आकडा वाचता येत होता. जुन्या रेडिओत स्पीकर हलवायला यांचीच जोडी असायची. पेडलच्या आत मोजून थोडे रेझिस्टर-कपॅसिटर, तीन ट्रान्झिस्टर आणि पाच पॉट, म्हणजे बटणांखालचे फिरते रेझिस्टर, बाकी पोकळी. काका म्हणाले, ह्येचे बारा हजार? मी म्हटलं हो. ते म्हणाले, थांब, आठवड्यान ये.

(इथे एक गोष्ट पेडलच्या बाजूने धरा. असली जुनी पद्धतीची, तारा वळवून सोल्डर केलेली चीज मालवणच्या बाजारात दुरुस्त होते. आजकाल जी डिजिटल प्रायोगिक पेडल निघालीत, जी आपलं वाजवलेलं तुकडे करून उलटसुलट परत फेकतात, ती ऐकायला भन्नाट आहेत, पण त्यांची चिप गेली तर कुडाळपासून कोल्हापूरपर्यंत कोण उघडून बघणार मला माहीत नाही, आणि खाऱ्या हवेत काही ना काही जाणारच आहे.)

काकांनी झिरो पीसीबीवर, म्हणजे नुसत्या भोकांच्या कोऱ्या पाटीवर, सर्किट उतरवलं, डब्यातले ट्रान्झिस्टर लावले, नमकीनच्या बरणीच्या झाकणावर पॉट बसवले आणि सहाशे रुपये घेतले. वाजलं की! पहिल्या झटक्यात वाजलं. मला वाटलं संपला विषय, अस्सल परत, नक्कल घरात, अकरा हजार चारशे वाचले. दोन्ही घरी नेऊन शेजारी ठेवून वाजवले तर रात्री नक्कल जवळपास तशीच, शिट्टी थोडी खालच्या सुरात, गेट पूर्ण बंद होत नाही पण चालेल. पण पावसाने उघडीप दिली, एक-दोन दिवस कडक ऊन पडलं, आणि दुपारी नक्कल पार झोपली. नुसतं थुंकल्यासारखा फुस्स आवाज, कुठलंही बटण कितीही फिरवा. अस्सलही बिघडलं होतं, पण त्याचं स्टॅब थोडं आणि कॉम्प थोडं हलवलं की आवाज सापडत होता, वेगळ्या जागी का होईना सापडत होता. काकांना जाऊन सांगितलं तर ते म्हणाले बरोबर आहे, डब्यातले न मोजता लावले, मोजून जोडी लावायला हवी. मग मीटर घेऊन बसले, एकेकाचा गेन, म्हणजे तो सिग्नल किती पट मोठा करतो ते, आणि गळती बघायची, बोटात धरून गरम झाला की काटा किती पळतो तेही बघायचं, आणि डबाभर मालातून हातावर मोजण्याइतकेच धड निघाले. तेव्हा मला कळलं की बारा हजारातले बरेचसे पैसे कशाचे आहेत, सर्किट तर कोणीही काढेल, कोणीतरी असेच ट्रान्झिस्टर निवडत बसलंय त्याची ती मजुरी आहे. निवडलेली जोडी लावल्यावर नक्कल सुधारली, पण अस्सलाइतका पल्ला नाही आला.

तरी घ्यायचं का, हा प्रश्न होताच. कारण दुपारी एक आणि रात्री एक, हे मला गिटारवाला म्हणून पटत नव्हतं. आम्हाला सवय असते की बटण तीनवर म्हणजे तीनवर. प्रीसेट दाबला की तोच आवाज.

ते पटलं बेंजोवाल्या काकांमुळे. आमच्या पार्टीत बेंजो वाजवणारे काका साठीचे आहेत, पूर्वी भजनात पखवाज धरायचे. बेंजो म्हणजे इंग्रजी बँजो नव्हे, कोकणात सगळ्यांना माहीत आहे पण बाहेरच्यांसाठी सांगतो, टाइपरायटरसारखी बटणं दाबून वाजवायचं तारांचं वाद्य, बुलबुल तरंग, मूळचं जपानचं, नागोयाला १९१२ मध्ये मोरिता गोरो यांनी काढलेलं ताइशोगोतो, ते इकडे आलं आणि आपण त्याला पिकअप लावून मिरवणुकीत आणलं. गणपतीच्या सुपाऱ्यांची प्रॅक्टिस जुलैत सुरू होते, मी पेडल सहज दाखवायला घेऊन गेलो होतो, ऑक्टोपॅडवाल्या पोराला दाखवायला खरं तर. काकांनी बघितलं, शिट्टी ऐकली, आणि मला असा प्रश्न विचारला जो मला तोपर्यंत कधी सुचलाच नव्हता. "सा खय आसा ह्येचो?"

मी म्हटलं काका याला सा नाही, ही नुसती ऑसिलेशनची शिट्टी आहे, सर्किट अस्थिर झालं की येते. ते म्हणाले, "पाच बटणां आसत, म्हणजे एखादां तरी सुराक येतलां." आणि खाली बसून, चष्म्याशिवाय, कान अँपकडे लावून स्टॅब इतकं हळू फिरवायला लागले की बटण हलतंय हे दिसत नव्हतं. शिट्टी वर गेली, खाली आली, मध्येच एका जागी उडी मारून दुसऱ्याच सप्तकात गेली, त्यांनी ड्राइव्ह जरा मागे घेतलं, परत स्टॅब, आणि काळी दोनच्या सा वर आणून सोडली. कीबोर्डवाल्याने पट्टी दाबून बघितली, बरोबर. मग बेंजोच्या बाजूच्या साथीच्या तारांखाली फडक्याची घडी सरकवली, कारण त्यांचा आवाज मध्ये आला की फझमध्ये सगळा चिखल होतो, दोन सूर एकत्र दिले की त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे भलतेच सूर तयार होतात, हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं, एकदा ऐकून कळलं. आणि वाजवायला लागले.

आता हे नीट सांगायला हवं. गेट उघडं असलं की शिट्टी चालू असते, पण तुम्ही सूर वाजवलात की तो सूर शिट्टीला दाबतो, सूर विरला की शिट्टी परत वर येते. मी इतके दिवस ही शिट्टी म्हणजे मध्ये मध्ये येणारी कटकट समजून तिला गेटने मारत होतो किंवा मुद्दाम गोंधळ घालायला वापरत होतो. काकांनी तिला सा वर बसवलं आणि सूर सोडून मुद्दाम जागा ठेवायला लागले. ओळ वाजवायची, थांबायचं, थांबलं की पाठीमागून सा भरून यायचा, पुढची ओळ सुरू झाली की तो आत ओढला जायचा. बेंजोला सूर लांबवता येत नाही, वाजला की मेला, म्हणून बेंजोवाले सतत झाला मारत जागा भरत असतात. इथे जागा आपोआप भरत होती, म्हणून ते कमी वाजवत होते. आमच्या पार्टीत कोणी कमी वाजवलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. ऑक्टोपॅडवाल्याने पण हात आखडता घेतला, आणि साध्या आरतीच्या चालीला काहीतरी असं वजन आलं की बाहेर पडवीत गप्पा मारत बसलेले दोघेतिघे दारात येऊन उभे राहिले.

मी त्यांना तापमानाचं सांगितलं, की काका हे दुपारी हलतं, सा चढेल-उतरेल. त्यांना त्यात काही विशेष वाटलंच नाही. पखवाजाला दर खेपेला कणीक लावायची, वादीतल्या गठ्ठ्यांवर हातोडी मारून सूर आणायचा, पावसात कातडं उतरलं की परत, मंडपातले दिवे तापले की परत, अर्धं आयुष्य त्यांचं त्यात गेलंय. जे वाद्य दर वेळी सुरात लावावं लागतं ते त्यांच्या हिशेबी बिघडलेलं नसतं. मला मात्र पेडल म्हणजे स्विच वाटत होतं, दाबलं की आवाज, आणि म्हणून मी त्याची स्विचची परीक्षा घेत होतो. त्या दिवसापासून मी फोटो काढणं बंद केलं. वाजवायला बसलो की आधी गिटार लावायची, मग शिट्टी लावायची, गाण्याच्या पट्टीत सा किंवा पंचम, जे बसेल ते. कधी बसतच नाही, तेव्हा गेट आवळून साधा फझ म्हणून वाजवायचं. नकलेवर हेच करून बघितलं, रात्री जमतं, पण तिची शिट्टी मधल्या पल्ल्यात टप्प्याटप्प्याने उड्या मारते, हवा तो सूर नेमका दोन टप्प्यांच्या मध्ये राहतो. अस्सलाचं स्टॅब त्या मानाने गुळगुळीत सरकतं.

तर माझं मत झालं ते असं. बँडमध्ये पाच गाण्यांना पाच ठरलेले आवाज हवे असतील तर हे पेडल अजिबात घेऊ नका, साधा सिलिकॉन फझ घ्या, बिग मफ जातीचा, कुठल्याही हवेत तसाच वाजेल. कॉर्ड वाजवणाऱ्यांनीही घेऊ नका, दोन सुरांच्या पॉवर कॉर्डच्या पुढे काही गेलं की लगदा. आवाज गोळा करायची हौस असेल तर महिनाभर मजा येईल आणि मग कपाटात जाईल. पण एकेक सूर वाजवणारा कोणी असेल, ज्याला दर वेळी पाच मिनिटं बसून सूर लावायचा कंटाळा नाही, त्याच्यासाठी बारा हजार वसूल. मी स्वतः त्यात अर्धाच बसतो हे मला कळत होतं.

म्हणून अर्धंच घेतलं. म्हणजे बेंजोवाले काका म्हणाले सहा मी घालतो, सुपारीचे आले की. बायकोने विचारलं एका पेडलचे दोन मालक कसे, म्हटलं आपल्या सातबाऱ्यावर एका कलमाच्या बागेला अकरा नावं आहेत, इथे दोनच आहेत. मावसभावाला कमी करायला सांगून बघितलं, तो अकराला तयार झाला, वर दोन डझन आंबापोळ्या मागितल्या.

वाटणी अशी ठरली की श्रावणापासून दिवाळीपर्यंत पेडल काकांकडे, नंतर माझ्याकडे, शिमग्याला परत त्यांच्याकडे. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवायचं, बॅटरी काढून, हे मी त्यांना बजावलंय. काकांनी स्टॅबच्या भोवती पांढरी चिकटपट्टी लावून पेनाने दोन रेघा मारल्यात, एकीवर दुपार लिहिलंय आणि एकीवर रात्र, सुरुवात तिथून करायची आणि मग कानाने शोधायचं. गेटवर आणखी एक पट्टी आहे, ती मी हात लावू नये म्हणून. मिरवणुकीत न्यायचं नाही असं ठरलंय, पाऊस आणि जनरेटर दोन्ही एकदम झेपायचं नाही, फक्त मंडपातल्या आरतीला, बॅटरीवर. नकलेचं काय करायचं ते अजून ठरलं नाही, रेडिओवाले काका म्हणतात थंडी पडू दे, डिसेंबरात परत ट्रान्झिस्टर मोजू.